राखेवरची मावशी

अहेरीच्या बाजारात लटारूने शिंप्याच्या दुकानात टांगलेल्या खाकी कोटाला वाकून रामराम घातला, तेव्हा मनकर्णाला काय ते कळलं. कोट रेंजरसाहेबांचा होता हे खरं, पण साहेब त्यात नव्हते. शिंपी मशीन थांबवून हसला, बाजूचा मिरचीवाला हसला, आणि मुद्दाम गंमत केल्यासारखा लटारूही हसला. मनकर्णा हसली नाही. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस गंमत म्हणून कोणापुढे वाकलेला तिने पाहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर गावाची शीव आली तशी ती थांबली.

"वच्छलाचे बा, समोर झाड कोनतं हाये?"

"मोहाचं."

"ते मोहाचं हाये हे तुमाले ठाऊक हाये. दिसून राह्यलं का?"

 डोक्यावरची मिठाची पिशवी लटारूने उगाच नीट केली. मग म्हणाला, "धूर दिसते. झाडाएवढा धूर."

"कवापासून?"

"मागच्या होळीपासून. सावलीत बरं दिसते. उन्हात पार धूर."

वच्छला ही त्यांची एकुलती लेक, वडशाकडे दिलेली. ती सासरी जाऊन आठ वर्षं झाली तरी नवरा-बायको एकमेकांना तिच्याच नावाने हाका मारत. मनकर्णा त्या दिवशी उरलेल्या वाटेत एक शब्द बोलली नाही, आणि मनकर्णा बोलत नाही म्हणजे काहीतरी शिजतंय हे लटारूला डोळ्यांशिवायही कळत होतं.

लटारू खोजी होता. जमीनदारांचं राज्य जाऊन जंगल सरकारचं झालं, शिकारीचे ब्लॉक पडले, चांद्याहून शिकार कंपनीच्या जीपगाड्या येऊ लागल्या, तेव्हापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, बंदूक साहेबाची, फोटोही साहेबाचा. पण जनावर कुठल्या पाण्यावर येतं, कधी आलं होतं, नर की मादी, हे सांगणार लटारू. घरची दोन बांधी धानशेती होती, त्यात वर्षाचा तांदूळ निघे. खोजीचं काम मात्र त्याला खायला घालायचं नाही, ते त्याला ताठ उभं ठेवायचं. गावात त्याच्याहून जास्त जमीन असलेले होते, पण पानठेल्यावर त्याला बसायला जागा करून देत ते या कामापायी.

दिवाळीच्या चौथ्या दिवशी जंगलखात्याचा नाकेदार सायकलवरून निरोप घेऊन आला. "शिकार कंपनीचे जहीरभाई सोमवारी सकाळी येऊन राह्यले. मोसमातली पैली फेरी. तू अन् तुझा पुतन्या डोमा, दोघंबी पाह्यजेत. ज्याचा माग खरा, तो यंदाचा खोजी, होळीपर्यंत."

डोमा तिशीचा. नजर अशी की उडत्या पोपटाच्या चोचीतला दाणा सांगेल. लटारू नाकेदाराला हो म्हणाला, आणि तो गेल्यावर ओट्यावर बसून राहिला.

"जहीरभाईले सांगून देतो. यंदा डोमालेच घ्या म्हनतो."

"सांगा ना," मनकर्णा आतून म्हणाली. "अन् मग खळ्यावर बसून पाखरं हाकला. मी तुमाले एक कंदील बी देतो दिवसाचा."

"चेष्टा करून राह्यली का?"

"मग का रडू?"

लटारू चिडला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "काम गेल्याचं नाई वं वाटत. एक ठसा माझ्या बोटाले अजूनबी सांगते. त्याची कोर, म्हंजे काठ, कवळी हाय का सुकली, ते हात लावला का समजते. पन चाल दिसाले वीस हात ओळ दिसावं लागते. मले ओळ दिसत नाई. कधी एखादी पोटुशी मादी दाखवून बसलो तं? बानं सांगतलं होतं, पोटुशीचा माग खोजीनं दाखवाचा नाई. पायानं पुसून टाकाचा. आजवर चार पुसले मी. यंदा चुकलो तं?"

मनकर्णा सूप हातात घेऊनच बाहेर आली. नवऱ्याची दया येण्याऐवजी तिला एकदम उत्साह चढला. तिचं असंच होतं. लेकीच्या लग्नात मांडव पडला तेव्हाही हीच बाई पदर खोचून सगळ्यात आधी हसली होती.

"मले शिकवा."

"काय?"

"माग. मी येतो सोबत. डोळे माझे, बाकी तुमी."

"मले बारा वर्सं लागले शिकाले!"

"सोमवारपर्यंत सहा दिवस हायेत. तुमी बारा वर्सं घेतले त्यात माझा का दोष?"

आता प्रश्न आला की शिकायचं कशावर. जंगलात रोज जावं तर धान कापणीला आलेलं. लवकर पिकणारं हलकं धान बांधीत वाकलं होतं, आणि ते सोमवारपर्यंत थांबणारं नव्हतं. दोघं यावर बोलत असताना घरातली मांजर धानाच्या ढोलीवरून उतरली, अंगणातल्या सडा सुकलेल्या मातीवरून चालत गेली आणि तुळशीपाशी बसून पाय चाटू लागली. बांबूच्या त्या कणगीसारख्या ढोलीतले उंदीर मारायला ती पाळलेली. लटारूच्या घरात मोसम लागला की वाघाचं नाव घ्यायचं नाही, 'मोठा' म्हणायचं, असा वाडवडलांचा नियम. मांजर त्याची मावशी, म्हणून तिचं नावही मावशीच.

मनकर्णाने मावशीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"भाच्यात अन् मावशीत फरक कायचा?"

लटारूला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तो या वर्षात पहिल्यांदा मोठ्याने हसला. "वजनाचा," म्हणाला. "पाय सारखाच."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळी मनकर्णाने चुलीतली राख चाळणीने चाळली आणि घरामागच्या वाडीत, वालाच्या मांडवाखाली, हात-दीड हात रुंद पट्टा अंथरला. पलीकडे वाटीत दूध ठेवलं. मावशी आली, राखेच्या कडेला थांबली, एक पाय झटकला आणि बाजूच्या दगडावरून उडी मारून दुधाकडे गेली.

"हुशार हाये," लटारू म्हणाला. "मोठाबी असाच करते."

दगड हलवले. दोन्ही बाजूंना काट्याच्या फांद्या रोवल्या. मग मावशी नाइलाजाने, घरच्यांच्या मूर्खपणावर शेपटी ताठ करून, राखेवरून चालली.

"हां. सांग आता."

"चार बोटं अन् गादी. नखं नाईत."

"नखं दिसले तं कुत्रं. मोठा नखं घरात ठेवून चालते. पुढचा पाय कोनता?"

"हा गोल."

"बरोबर. मागचा लांबट. नराचा चौकोनी भरते, मादीचा निमुळता राह्यते. कोर पाह्य. आता कवळी हाये. दुपारी परत पाह्य."

दुपारी बांधीत धान कापताना तिने तीनदा वाडीकडे धाव घेतली. ठशाची कोर ढासळली होती, मुंग्यांनी ठशातून वाट पाडली होती. ती परत येई, विळा उचले, चार मुठी कापे, आणि पुन्हा तिचं लक्ष चिखलाकडे जाई. बांधीच्या ओल्या मातीत बगळ्याचे पाय होते, उंदराचे होते, मुंगसाचे होते. इतकी वर्षं ती याच मातीत वाकून रोवणी-कापणी करत आली होती आणि तिथे एवढी गर्दी असते हे तिला ठाऊकच नव्हतं! तिसऱ्या दिवशी पाहता पाहता विळा करंगळीला लागला. तिने चिंधी बांधली, आणि रक्ताचे थेंब मातीत कसे सुकतात तेही पाहून घेतलं.

शेजारची सोमारी कुंपणावरून डोकावली. "काऊन वं मनकर्णाबाई, रोज पाहाटी राख टाकून मांजर चालवून राह्यली? करनी-बिरनी तं नाई ना?"

"मुंग्या झाल्या, म्हून राख टाकतो."

"अन् मांजर?"

"ते मुंग्या मोजते."

सोमारी पटल्यासारखी निघून गेली, पण दुपारपर्यंत अर्ध्या गावाने राख पाहून घेतली. शेवटी डोमाही आला. कुऱ्हाडीला धार लावायला दगड मागायचं निमित्त. राखेच्या पट्ट्याकडे त्याने एकदा टक लावून पाहिलं, त्यावर वाकलेल्या काकाकडे पाहिलं. जाताना पाय उंच उचलून पट्टा ओलांडला, एकही ठसा मोडू न देता.

"त्याले समजलं असंल," लटारू धास्तावला.

"समजू द्या. त्याची नजर तेज हाये, अक्कल तेज हाये का, ते सोमवारी पाहू."

चौथ्या दिवशी मनकर्णाला एक वेगळीच गोष्ट दिसली. "अवो, हिचे मागचे पाय पुढच्या पायात पडत नाई. भाईर पडून राह्यले. दोनी अंगाले."

लटारूने मान हलवली. "ते पोटुशी हाये ना. पोट भरलं का मागचे पाय फाकतात. बाईचंबी तसंच, लक्षात कर ना. वच्छलाच्या टायमाले तू कशी चालत होती, बदकावानी."

"बरं बरं. तुमचं ध्यान तेवढंच राह्यलं."

एका गोष्टीवर मात्र रोज खटका उडायचा. लटारूची खोजकाठी होती, बापाच्या हातची, खाचा पाडलेली, ठशाचं माप घ्यायची. ती आढ्याला अडकवलेली असे. बाईचा हात लागला की माग मुका होतो, असं बाप सांगून गेला होता. मनकर्णाने एकदा हात वर केला तर लटारू ओरडलाच. मग ती झाडूच्या मुठीने मापं घेऊ लागली, आणि प्रत्येक वेळी त्याला ऐकू जाईल असं म्हणायची, "झाडूले कोनाचाबी हात चालते."

रविवारी खुणा ठरल्या. एक खोकला म्हणजे नर, दोन म्हणजे मादी.

"अन् माग ताजा असला तं पदर सावरतो," ती म्हणाली.

"पदर मले कसा दिसंल?"

"आत्ता! मग बांगड्या वाजवतो."

दोघांनी सराव केला. ती खोकायची, तो ओट्यावरून गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "मादी, ताजी." सोमारीने त्यावर आल्याचा तुकडा आणून दिला.

सोमवारी मनकर्णा कोंबड्याच्याही आधी उठली. भात, जवसाची चटणी, लाखोरीच्या डाळीचे वडे पळसाच्या पानात बांधले. स्वतःच्या आणि नवऱ्याच्या पायांना तेल चोळलं. कंपनीने गेल्या वर्षी दिलेली खाकी फुलपॅन लटारूने हातात घेतली आणि परत ठेवून दिली. "चालताना खसखस करते. ढोलीत टाक." तिने ती घडी करून ढोलीतल्या पेंढ्यावर ठेवली. तिच्या छातीत धडधडत होतं, आणि ते भीतीने नाही हे तिला चांगलं कळत होतं. माहेरहून निघताना, बैलगाडीत बसताना, तिला असंच झालं होतं. तेव्हाही पुढे काय आहे ते माहीत नव्हतं.

जीप आली. जहीरभाई उतरले, चाळिशीचे, गळ्यात दुर्बीण, तोंडात पान. "लटारूभाऊ, तय्यार? अरे, बाई पण?"

"नाल्यापलीकडं डोंगरदेव हाये," मनकर्णाने पाठ केलेलं सांगितलं. "नवस फेडाचा हाये. वाटंतच पडते."

"बसा की मग. देवाच्या कामाला नाही कशाला म्हणू?"

मनकर्णा जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसली. जीप खड्ड्यातून उडाली की ती मोठ्याने "आई वं!" म्हणायची आणि पुढच्या खड्ड्याची वाट पाहायची. शेजारी डोमा कडी धरून. लटारू काठी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून बसला होता.

नाल्यापाशी जीप थांबली. पाण्याची बारीक धार, दोन्ही बाजूंना ओली रेती, वर ऐनाची झाडं. जहीरभाईंनी आवाज खाली आणला. सगळे अनवाणी उतरले. दहा पावलांवर रेतीत तो उमटलेला होता.

मनकर्णा वाकली. मावशीचाच पाय, पण परातीएवढा. ती मनात बोलली, बाई गं! एवढं मोठं कोणीतरी आत्ता इथून गेलं आणि आपण तिथे उभे आहोत. तिला नाचावंसं वाटलं. तिने बांगड्या वाजवल्या. मग ठशाचं निमुळतं टोक पाहिलं आणि दोनदा खोकली.

लटारू बसला. बोटांनी कोर चाचपली, काठी आडवी लावली, खाचेवर अंगठा फिरवला. "मादी. पाहाटेची. पानी पिऊन वर गेली."

"डोमा, तू सांग."

"काका म्हनतात तेच," डोमा म्हणाला. त्याने नीट पाहिलंही नाही.

"वाहवा!" जहीरभाई खूश झाले. "शिकारीचा पहिला पाहुणा पंधरा तारखेला येतोय. आमिषाचा हेला इथंच बांधू. मचाण त्या ऐनावर. लटारूभाऊ, पहिल्याच फेरीत काम फत्ते."

लटारूचा चेहरा उजळला. मनकर्णाने तो पाहिला, आणि मग तिची नजर सवयीने ओळीवर गेली. पाण्यापासून काठापर्यंत वीस हात. गोल ठसा, आणि त्याच्या बाहेर लांबट. पुन्हा गोल, बाहेर लांबट. दोन्ही अंगांना. वालाच्या मांडवाखाली राखेत पाहिलेली ओळ.

ती तिसऱ्यांदा खोकली. लटारूने मान वळवली. तीन खोकल्यांचं काही ठरलं नव्हतं. ती चौथ्यांदा खोकली, पाचव्यांदा खोकली. जहीरभाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

"पाणी घ्या, बाई."

"पानी नोको," मनकर्णा म्हणाली. तिला कळत होतं की तोंड उघडलं तर नवऱ्याचं अकरा वर्षांचं नाव याच रेतीत जाईल. आणि नाही उघडलं तर पंधरा तारखेला काय होईल तेही कळत होतं. "हेला बांधू नोका. ते पोटुशी हाये."

जहीरभाई वळले.

"कोण म्हणतं?"

"मागचे पाय भाईर पडून राह्यले. पाहा ना तुमी."

डोमा आता खरंच पुढे झाला, ओळीच्या कडेने काठापर्यंत गेला आणि परत आला. "काकी बरोबर हाये. दिवस भरत आलेत तिचे."

जहीरभाईंनी लटारूकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही तर आत्ता बोललात की..." पुढचं त्यांनी सोडून दिलं.

लटारू उठला. एवढा वेळ ताठ असलेली त्याची मान खाली गेली, मग परत वर आली. "मले ओळ दिसत नाई, जहीरभाई. डोळ्यात मोती हाये. मागच्या होळीपासून. तुमाले सांगतलं नाई, माझी चुकी. हिले दिसते."

"मले ठाऊक होतं," डोमा पायाने रेती उकरत म्हणाला. "मागच्या होळीले काका दगडाले ठेचाळले तवापासून. म्हून मी पुढं पुढं चालत होतो."

"अन् बोलला काऊन नाई?" मनकर्णा त्याच्यावरच उखडली.

"काय बोलू? काकानंच शिकवलं मले."

जहीरभाईंनी पान थुंकायला तोंड वळवलं, मग नाल्याकडे पाहून विचार बदलला आणि गिळून टाकलं. "माझ्या अम्मीचा मोती चांद्याच्या दवाखान्यात काढला," ते म्हणाले. "आता सुईत दोरा ओवते अन् माझ्यात खोट काढते. ते नंतर बघू. लटारूभाऊ, कंपनीला माग खरा पाहिजे. कोणाच्या डोळ्यानं, ते कंपनी विचारत नाही. हेला इथं नाही बांधायचा. चला, वरचं पाणी बघायचं आहे."

ते पुढे निघाले. लटारू मागे राहिला. त्याने त्या ओळीवर पाय घासत काठापर्यंत जाऊन एकेक ठसा पुसला; कुठला राहिला तो मनकर्णा सांगत गेली. पुसून झाल्यावर त्याने काठी तिच्यापुढे धरली.

तिने हात मागे घेतला. "माग मुका होईल ना."

"मुका झाला तं झाला. आंधळा तं नाई राह्यनार. धर."

तिने पुढचं टोक धरलं, त्याने मागचं. दुपारपर्यंत ते तसेच चालले. वरच्या पाण्यावर त्यांना एका म्हाताऱ्या नराचा माग लागला, तीन दिवसांचा, आणि तो तीन दिवसांचा आहे हे लटारूने बोट लावून सांगितलं, कारण मनकर्णाला तो कालचा वाटला होता. जहीरभाई दोघांवरही हसले. डोंगरदेवाचा नवस सगळेच विसरले. परतताना मनकर्णाला आठवलं, तेव्हा तिने जीपमधूनच हात जोडले आणि देवाला सांगितलं की पुढच्या फेरीत नक्की.

घरी पोचले तेव्हा ऊन ओसरलं होतं. सोमारी दारातच उभी होती. "अवं, तुमची मावशी सकाळपासून ढोलीत हाये. मी हात घातला तं गुरकावली."

मनकर्णा ढोलीवर वाकली. पेंढ्यावर कंपनीची खाकी फुलपॅन होती, आणि फुलपॅनवर मावशी आडवी होऊन डोळे मिटून पडली होती.

"व्याली वं! तीन हायेत. अन् तुमची फुलपॅन गेली."

"गेली तं गेली," लटारू म्हणाला. "सरक जराशी."

त्याने हात आत घातला. त्याचा हात मावशीला ओळखीचा, ती गुरकावली नाही. त्याची बोटं हळूहळू पोटाखालून फिरली, पॅनच्या घडीत शिरली, थांबली.

"चार," तो म्हणाला.

"तीनच हायेत. दिसून राह्यले ना मले."

लटारूने फुलपॅनच्या पायातून चौथं बाहेर काढलं, मुठीएवढं, ओलं, डोळे मिटलेलं, आणि ते मनकर्णाच्या तळहातावर ठेवलं.